चार वाजताची टकटक

या बदलातून निवेदिकेच्या पदरात आठवड्याच्या चार अख्ख्या दुपारी पडणार होत्या. सोमवारी एकदा बसून सगळ्या आठवड्याचं बोलून टाकायचं, की मंगळवार ते शुक्रवार मोकळी. वर खुर्ची शाबूत, नाव शाबूत, स्टेशनच्या जिन्यातल्या भिंतीवरचा फोटोही शाबूत. आणि द्यायचं काय, तर एक 'हो'. इतक्या स्वस्तात काही मिळत असेल तर माणसाने देणाऱ्याचा चेहरा एकदा नीट बघून घ्यावा. पण निवेदिका त्या दिवशी घाईत होती. ती नेहमीच घाईत असायची.

स्टेशन फॉरमॅट बदलणार की नाही, यावर वर्षभर पैजा चालल्या होत्या. छोटंसं स्थानिक रेडिओ स्टेशन ते. दिवसभर श्रोत्यांची पत्रं, हरवलं-सापडलं, डॉक्टरांचा सल्ला, मधूनमधून फर्माईशीची गाणी. वर्षातून दोनदा वरून कोणीतरी श्रोत्यांच्या आकड्यांचे तक्ते घेऊन यायचं आणि आता लोकांना असलं ऐकायचं नसतं असं सांगून जायचं. दरवेळी सगळे घाबरायचे, दरवेळी काहीच व्हायचं नाही. बातम्या वाचणारे आजोबा म्हणायचे, "मी तीन बदल पचवलेत, हा चौथा." पहारेकरी मात्र म्हणाला, "या वेळी होणार. साहेबांनी पत्रांचं कपाट मोजून घेतलंय. तिथे मशीन बसणार." आणि पहारेकरी कधी चुकत नसे, कारण दारात उभ्या असलेल्या माणसासमोर कोणी आवाज खाली करत नाही.

मशीन बसलं. बातम्यांचे आजोबा गेले, पत्रं वाचणाऱ्या दोघी गेल्या, डॉक्टर गेले. आता दिवसभर गाणी, आणि दुपारी बारापासून साडेसहापर्यंत दर पंधरा मिनिटांनी निवेदिकेचा आवाज. वेळ सांगायची, हवा सांगायची, दोन गोड शब्द बोलायचे.

"ताई, लोकांना तुम्ही हव्यात," साहेब म्हणाले. "बाकीचे नकोत, असं मी म्हणत नाही. तक्ता म्हणतो."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर तक्ता आणखी काहीतरी म्हणेल."

निरोपाच्या दिवशी आजोबांनी तिच्या हातात आपला चष्मा पुसायचा रुमाल दिला आणि म्हणाले, "तू राहिलीस, बरं झालं. कोणीतरी राहायलाच हवं." तो टोमणा होता की आशीर्वाद, हे तिने ठरवायचं टाळलं. घरी येऊन आईला एवढंच सांगितलं, "आता दुपारभर मी तुझ्याजवळ."

आई म्हणाली, "बघू."

आईला दिसत नव्हतं. त्यात चार वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडल्यापासून खुर्चीतून उठून दारापर्यंत पोहोचायला तिला दहा-बारा मिनिटं लागायची. एक हात भिंतीवर, एक काठीवर, आणि तोंडाने जुन्या घरमालकाचा उद्धार. बाहेरून किल्ली चालायची नाही, कारण आतली कडी काढून ठेवायला आई तयार नसायची. शेजारी एकदा चोर शिरला होता, तेव्हापासून कडी म्हणजे कडी. मग मायलेकींनी यावर एक तोड काढली. चार वाजता कार्यक्रम संपताना निवेदिका माईकजवळच्या टेबलावर पेन दोनदा आपटायची. टक, टक. म्हणजे मी निघाले. रेडिओवर ते ऐकलं की आई उठायची, आणि लेक तीन जिने चढून धापा टाकत पोहोचेपर्यंत कडी निघालेली असायची.

"आली माझी भात्याची पिशवी," आई दारातच म्हणायची. धापेवरूनच ती लेकीला ओळखायची. "पहिल्या मजल्यापासून ऐकू येतेस. चोर यायचा झाला तर तुझ्यासारखा धापा टाकत नाही येणार, तेवढंच बरं."

ही टकटक गावभर माहीत होती. श्रोते पत्रातून विचारायचे, बाई शेवटी दार का ठोठावतात? ती हसून सांगायची, पेन खाली ठेवते. खरी गोष्ट स्टेशनात एकालाच ठाऊक होती. तो म्हणजे ध्वनिमुद्रण करणारा तंत्रज्ञ. त्याला सगळे 'कात्री' म्हणायचे. पूर्वी तो फिती कापायचा, आता पडद्यावर आवाज कापायचा.

पहिल्या सोमवारी ती काचेच्या खोलीत बसली आणि एका बैठकीत मंगळवार बोलली, बुधवार बोलली, गुरुवार बोलली, शुक्रवार बोलली. 'चार वाजले आहेत' असं म्हटल्याबरोबर दर वेळी तिचा हात आपोआप उठला आणि पेन दोनदा वाजलं. साडेसहाचा निरोपही चारदा घेतला. "आजच्यापुरती माझी सोबत इथे संपली. उद्या पुन्हा भेटू."

बाहेर आली तर कात्री तिच्या वाक्यांमधून काहीतरी वेचून फेकत होता. पडद्यावर तिचा आवाज डोंगरांच्या रांगेसारखा दिसत होता आणि तो दोन डोंगरांमधली बारीक बारीक झुडपं उडवत होता.

"काय काढतोस रे?"

"तुमचे श्वास."

"म्हणजे?"

"साहेब म्हणाले, स्वच्छ पाहिजे. श्वास, ओठांचा आवाज, घशातली खरखर, सगळं काढायचं. ऐका." त्याने बटण दाबलं. तिच्याच आवाजातली बाई गुळगुळीत बोलत गेली. एक वाक्य संपलं की दुसरं, मध्ये फट नाही. निवेदिकेला स्वतःलाच ते ऐकताना जीव कोंडल्यासारखं झालं आणि तिने नकळत मोठा श्वास घेतला.

"आणि टकटक ठेवलीस ती?"

"ती कशी काढू? श्वास काय, कोणीही घेतो. टकटक तुमची आहे."

मंगळवारी चार वाजता निवेदिका आईसमोर बसून शेंगा निवडत होती. रेडिओ चालू होता. टक, टक. आई काठी शोधायला लागली.

"अगं आई, मी इथेच आहे की."

"हो गं, कळतंय मला. वेडी नाही झाले." तरी ती उठलीच. "चार वर्षांची सवय आहे पायांना. जाऊन येतात बिचारे." बारा मिनिटांनी दाराशी पोहोचली, कडी काढली, दार उघडलं आणि कान लावून उभी राहिली. खालून जिन्यावर पावलं वाजली. पहिला मजला. दुसरा मजला. आणि तिथेच थांबली.

"शिंपीणकाकूंचं गिऱ्हाईक असेल," निवेदिका म्हणाली. शिंपीणकाकू दुसऱ्या मजल्यावर राहायच्या आणि वारा यावा म्हणून दार उघडं टाकून शिलाई मशीन चालवायच्या.

"असेल," आई म्हणाली. "पण धाप नव्हती लागत त्याला."

अशा आठ दुपारी गेल्या. नवव्या दुपारी साहेबांनी बोलावलं. आणखी सहा गावांतली स्टेशनं हाच फॉरमॅट घेणार होती. ते बदलतील का, याची आता कोणी पैज लावत नव्हतं. कधी बदलतील, एवढंच उरलं होतं. आणि सगळ्यांना हाच आवाज हवा होता.

"सात गावांत एक आवाज," साहेब म्हणाले. "अहो ताई, माणसं जन्मभर घसा फोडतात आणि गल्लीबाहेर ऐकू जात नाहीत."

"माझ्या दुपारी जातील त्यात."

"काही महिने. फार तर."

निवेदिकेने मनात वजनकाटा धरला. एका पारड्यात आई, दुसऱ्यात सहा गावं. मग तिने सगळे करतात तेच केलं. आईच्या पारड्यात 'पुढच्या वर्षी' हा शब्द टाकला आणि काटा सरळ करून घेतला. टकटकीचं मनात आलं. आपण चारला पोहोचणार नाही, आई उगाच उठेल, कात्रीला सांगावं. पण आपला आवाज आपल्या सहीशिवाय सहा गावांत जावा, हे काही मनाला पटेना. तेवढाच आईच्या पायांना व्यायाम, असं म्हणून तिने तो विषय मिटवला.

पहिल्या दिवशी सातला घरी पोहोचली तेव्हा दाराची कडी काढलेली होती.

"आई! कडी का नाही लावलीस?"

"तू आत्ताच तर गेलीस. पुन्हा येशील म्हणून ठेवली उघडी." आई खुर्चीत नीट बसली होती. टेबलावर दोन कप. एक रिकामा. दुसरा काठोकाठ भरलेला, वर साय धरलेली. आणि आईची वेणी घातलेली होती. घट्ट, सरळ, एक केस बाहेर नाही. आईचे हात खांद्याच्या वर जात नव्हते.

"वेणी कोणी घातली?"

"कोणी म्हणजे? पोरी, तूच. आणि किती छान घातलीस. नाहीतर तुझं नेहमीचं, ओढ की गुंडाळ, उशीर झाला."

निवेदिका तशीच खाली गेली. शिंपीणकाकू दोरा ओवत होत्या.

"काकू, आज वर गेला होतात?"

"मी कशाला जाऊ? तुम्ही आहात की. सव्वाचारला गेलात माझ्या दारावरून. मी हाक मारली, म्हटलं आज पर्स कुठे विसरलात? तर मागेही न बघता म्हणालात, 'चार वाजून पंधरा मिनिटं झाली आहेत.' म्हटलं, बाई मोठ्या झाल्या. आता आम्ही काही विचारलं तर वेळ सांगणार."

"मी?"

"नाहीतर कोण? आवाज काय सात गावांना पाठ आहे." काकूंनी दोरा दातांनी तोडला. "पण तब्येत सुधारली हं तुमची. तीन जिने चढलात आणि श्वास ऐकू आला नाही."

त्यानंतर हे रोजच झालं. निवेदिका काचेच्या खोलीत बसून परगावची हवा सांगत असायची, आणि सातला घरी यावं तर आईची नखं कापलेली, चादर ओढलेली, वर्तमानपत्रातलं कालचं कोडं सोडवून झालेलं. आई दिवसेंदिवस टवटवीत होत चालली. तिच्या बोलण्यातून ती दुसरी काय म्हणते, तेही कळायला लागलं.

"आज म्हणालीस, 'दुपार कशीही असो, तुम्ही एकटे नाही.' मला तर बाई भरूनच आलं."

ते वाक्य निवेदिकेने सोमवारी मुद्रित केलं होतं. ती जी कोणी येत होती, तिच्याजवळ दुसरे शब्दच नव्हते. निवेदिका सोमवारी जे बोलायची, तेवढंच ती आठवडाभर आईशी बोलायची. आणि आईला तेवढं पुरत होतं. किंबहुना आवडत होतं.

"आई, खरं सांग. तुला नाही वाटत की ती... मी... वेगळी वाटते?"

"वाटते ना. दुपारी येतेस तेव्हा तुला कसली घाई नसते. मध्येच चिडत नाहीस. मी बोलायला लागले की गप्प बसतेस. आणि साडेसहाला 'उद्या पुन्हा भेटू' म्हणतेस आणि खरंच उद्या येतेस." आईने तिच्या दिशेने तोंड वळवलं. "मग सातला का पुन्हा येतेस धापा टाकत, तेच मला कळत नाही. काय विसरतेस रोज?"

हे मात्र निवेदिकेला लागलं. भीतीपेक्षा जास्त लागलं. सात गावांत आवाज पोहोचला होता आणि तीन जिन्यांवरच्या एका खुर्चीतून ती हळूहळू पुसली जात होती. दुसऱ्या दिवशी दुपारी पावणेपाचला, सहाव्या गावाची हवा अर्धवट टाकून, ती काचेच्या खोलीतून बाहेर आली आणि कात्रीच्या खुर्चीमागे उभी राहिली.

"टकटक काढ. आत्ताच्या आत्ता."

"आजची वाजून गेली, ताई. चारलाच."

"मग यापुढच्या सगळ्या काढ. आणि साडेसहाचा निरोपही काढ. माझं जे जे घरच्यासारखं आहे ते सगळं काढून टाक. मूळ मुद्रणासकट. नुसती वेळ आणि हवा राहू दे."

"निरोप पण?"

"सांगितलं ना!"

कात्रीने तिच्याकडे एकदा बघितलं. कापायला सांगितलं की कापायचं, का ते विचारायचं नाही, यावरच त्याने वीस वर्षं काढली होती. चार बटणं दाबली. पडद्यावर जिथे 'उद्या पुन्हा भेटू'चा डोंगर होता तिथे सरळ रेघ आली.

ती धावत सुटली. पाच वाजून दहा मिनिटांनी तिसऱ्या मजल्यावर पोहोचली तेव्हा छातीत भाता चालू होता. दाराला आतून कडी. तिने बोटांनी दोनदा वाजवलं. टक, टक.

"कोण आहे?" आईचा आवाज.

"आई, मी."

"मी कोण?"

"अगं मी! तुझी लेक!"

आत आई कोणाशी तरी बोलली, बाहेरच्यांविषयी घरातल्यांशी बोलतात त्या सुरात. "बघ गं, जिन्यात कोणीतरी बाई आहे. म्हणते तुझी लेक."

आणि आतून निवेदिकेला स्वतःचा आवाज ऐकू आला. रेडिओतून नाही. रेडिओवर अजून गाणं चालू होतं. आवाज खुर्चीजवळून आला, गुळगुळीत, फट नसलेला. "पाच वाजून पंधरा मिनिटं झाली आहेत तुम्ही एकटे नाही ऐकत राहा."

"ऐकतेय हो राणी," आई म्हणाली.

निवेदिका वरच्या पायरीवर बसली. बसल्या बसल्या तिने पहिला हिशेब केला. साडेसहाला ही निघते. 'उद्या पुन्हा भेटू' म्हणते आणि जाते, रोज जाते. तेवढा वेळ काढायचा. आणि मग तिच्या डोळ्यांसमोर कात्रीचा पडदा आला, आणि त्यावरची सरळ रेघ.

जन्मभर जी बाई सुरुवात आणि शेवट यांच्यावर जगली, तिने सुरुवात होऊन गेल्यावर शेवट कापून टाकला होता. आत बोलावणारी टकटक चारलाच वाजून गेली होती. बाहेर काढणारा निरोप आता कुठेच नव्हता.

साडेसहा वाजले. आत गाणं संपून गाणं लागलं. कोणी उठलं नाही.

तेव्हा निवेदिका दाराला तोंड लावून स्वतःच म्हणाली, जितकं गोड म्हणता येईल तितकं, "आजच्यापुरती माझी... माझी सोबत इथे संपली. उद्या पुन्हा..." आणि हुंदका आला, तिथे श्वास तुटला.

आतून आईचं हसू ऐकू आलं. "ऐकलंस? तुझी नक्कल करतेय. जमत नाही पण तिला. मध्ये मध्ये धाप लागते."

शिंपीणकाकू दुसऱ्या मजल्यावरून डोकावल्या. वर बघितलं, वरच्या दाराकडे कान दिला, आतला आवाज ऐकला, पुन्हा पायरीवरच्या बाईकडे बघितलं. त्यांनी आपलं दार ओढून घेतलं. तो वाऱ्यासाठी उघडा ठेवलेला दरवाजा होता. पुन्हा कधी उघडा राहिला नाही.

दार फोडावं, कुलूपवाला आणावा, पोलिसांना सांगावं, सगळं निवेदिकेच्या मनात येऊन गेलं. पण ती माणसं ओळखणारी होती आणि आईला तर फारच ओळखून होती. दार उघडलं असतं तर आईसमोर दोन लेकी उभ्या राहिल्या असत्या. एक घाईत असणारी आणि एक बसून राहणारी. आईने कोणतीला ठेवलं असतं, हे विचारायला दार फोडायची गरज नव्हती.

आता ती स्टेशनजवळच एक खोली घेऊन राहते. सोमवारी काचेच्या खोलीत बसते. साहेबांनी लिहून दिलेलं सगळं वाचते आणि त्यात आपली चार वाक्यं घुसवते. दुपारी एकला म्हणते, "जेवण झाल्यावरची गोळी विसरू नका." तीनला म्हणते, "उठताना आधी काठी हातात घ्या." पाचला म्हणते, "न्हाणीघरात पाय जपून." सात गावांतल्या लोकांना वाटतं, बाई किती मायेने बोलतात. तक्ता वर गेला.

"हे कोणासाठी, ताई?" कात्रीने एकदा विचारलं.

"तू काप फक्त," ती म्हणाली. "श्वास एकही राहू देऊ नकोस. आई ओळखायची नाही तर."

तर शेवटी बेरीज अशी. साहेबांना सात गावं मिळाली. श्रोत्यांना गाणी मिळाली. आईला लेकीने कबूल केलेल्या दुपारी मिळाल्या, चारच्या जागी सातही, आणि वर संध्याकाळी आणि सकाळी. ज्यांनी 'हो' म्हटलं नव्हतं, त्या आजोबांना दुपारची झोप मिळाली. आणि या सगळ्यांचं मिळून जे द्यायचं झालं, ते एका बाईने एकटीने दिलं. ती ते अजून देते आहे, दर सोमवारी, एक एक श्वास करून.